इंग्रजी क्रॉसवर्डमध्ये ट्रॉयचं युद्ध सारखं का येतं, आणि ते कसं शिकायचं

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पेपरातलं इंग्रजी क्रॉसवर्ड तुम्ही रोज सोडवता, बरंचसं जमतं, पण ग्रीक युद्धकथांमधलं कुणी आलं की तिथेच अडकायला होतं. तर या नावांची यादी कुठे मिळेल, ती पाठ कशी करायची, आणि कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ट्रॉयवरच एक कोडं स्वतः बनवायचंय त्याची सुरुवात कुठून करायची, असं विचारलंय.

यादी पाठ करू नका. यादीतून नाव आठवेल पण क्ल्यू नावाचा नसतोच, क्ल्यू असतो नात्याचा. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला मारलं, कोण कुठल्या बाजूने लढलं, कुणाचा कुणावर राग. बरीच वर्षं कोडी सोडवतोय आणि बनवतोय, त्यावरून सांगतो, ही नावं चौकटीत येतात ती त्यांच्या स्पेलिंगमुळे आणि क्ल्यू मात्र येतो कथेतून. स्पेलिंग तुम्हाला क्रॉसिंगमधून, म्हणजे कापणाऱ्या शब्दांतून, मिळतंच, कथा मात्र स्वतःच्या डोक्यात असावी लागते, म्हणून मेहनत कथेवर घ्यायची.

आधी स्पेलिंगचं सांगतो कारण ते पटकन होतं. पहिलं क्रॉसवर्ड २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आलं, आर्थर विन नावाच्या माणसाने बनवलेलं, तो मूळचा लिव्हरपूलचा. पुढे अमेरिकेत जी पद्धत रूढ झाली त्यात रोजचं ग्रिड म्हणजे चौकट १५ बाय १५, कुठलाही शब्द तीन अक्षरांपेक्षा छोटा चालत नाही, आणि प्रत्येक घर आडव्या शब्दातही असतं आणि उभ्या शब्दातही असतं, एकही अक्षर मोकळं सोडायचं नाही. आता कोपऱ्यात चार-पाच शब्द एकाखाली एक रचायचे म्हटलं तर स्वर लागतात, भरपूर स्वर, आणि ते स्वर-व्यंजन-स्वर-व्यंजन असे आलटून पालटून असले तर फारच बरं. ए-आर-ई-एस, एरीस म्हणजे युद्धदेव. एच-ई-आर-ए, हेरा. ई-ओ-एस, इऑस म्हणजे पहाट. आय-डी-ए, आयडा पर्वत. आय-एल-आय-ए-डी, इलियड म्हणजे होमर या ग्रीक कवीचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य. असे शब्द नसते तर अमेरिकन सेटरचं, म्हणजे कोडं बनवणाऱ्याचं, काम थांबलं असतं, इतका त्यांचा उपयोग होतो. आपल्या मराठी शब्दकोड्यात ही गरज पडत नाही कारण एका घरात मात्रेसकट आख्खं अक्षर बसतं, 'की' हे एकच घर, स्वर वेगळा जुळवायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे मराठी कोड्यात कर्ण-अर्जुन येतात ते वाचकाला माहीत असतात म्हणून, इंग्रजीत एरीस येतो तो बसतो म्हणून.

पण बसल्यावर त्याला क्ल्यू द्यावा लागतो, आणि तोच क्ल्यू रोज दिला तर वाचक कंटाळतील, मग सेटर कथेत शिरतो. एरीसचंच बघा. 'गॉड ऑफ वॉर' हा सोमवारचा सोपा क्ल्यू झाला. त्यानंतर 'सन ऑफ हेरा', मग 'फादर ऑफ फोबॉस', मग 'मार्सचा ग्रीक जोडीदार', मग 'अ‍ॅफ्रोडायटीचा प्रियकर', मग 'ट्रोजनांच्या बाजूने लढलेला देव', मग 'डायोमिडीसने जखमी केलेला देव'. चार अक्षरं तीच, दारं सात. यादीत तुम्ही 'एरीस म्हणजे युद्धदेव' एवढंच लिहून ठेवलं असेल तर पहिलं दार उघडेल, पुढच्या सहांचं काय करणार?

हे आपल्याला अवघड जायला नको खरं तर. राधेय, सूतपुत्र, अंगराज, सूर्यपुत्र, यातलं काहीही म्हटलं तरी मराठी वाचकाला कर्णच दिसतो, कारण आपण कर्ण यादीतून शिकलो नाही, गोष्टीतून शिकलो. ग्रीकांकडेही अगदी असंच बापाच्या नावावरून बोलायची पद्धत आहे, पेलिअसचा मुलगा तो अकिलीस, एट्रिअसचे दोन मुलगे ते अ‍ॅगमेम्नॉन आणि मेनिलेअस, टिडिअसचा मुलगा डायोमिडीस, टेलमॉनचा मुलगा एजॅक्स. क्ल्यूमध्ये 'सन ऑफ' दिसलं की ज्याला महाभारताची सवय आहे त्याने खूश व्हायला पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा की इलियड वाचाच. कुठलंही सोपं इंग्रजी गद्य भाषांतर चालेल, संपूर्ण २४ सर्ग एकदम वाचायची सक्ती नाही. पहिला सर्ग वाचा, त्यात ग्रीकांचा सगळ्यात मोठा वीर अकिलीस आणि त्यांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनचं ब्रिसेइस या युद्धात पकडलेल्या मुलीवरून भांडण होतं आणि अकिलीस लढाईतून अंग काढून घेतो. मग तिसरा, हेलनला पळवून आणणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस आणि तिचा ग्रीक नवरा मेनिलेअस यांचं द्वंद्व, आणि तटावर उभी राहून हेलन ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, ग्रीक सैन्यातला एकेक वीर दाखवून ओळख करून देते, तो भाग कोडी सोडवणाऱ्याने दोनदा वाचावा. मग सहावा, सोळावा, बाविसावा, चोविसावा. यात प्रायमचा मुलगा हेक्टर आणि त्याची बायको अँड्रोमकी यांची भेट, अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लसचं मरण, हेक्टरचं मरण आणि प्रायम मुलाचा देह मागायला शत्रूच्या तंबूत जातो ते, असं सगळं येतं.

आणि या सगळ्याच्या आधी, किंवा वेळ अगदीच नसेल तर फक्त, पाचवा सर्ग वाचा. कोडी सोडवणाऱ्यासाठी इतका उपयोगी मजकूर मी दुसरीकडे बघितलेला नाही. हा दिवस ग्रीकांकडच्या डायोमिडीसचा. अथीनाने त्याच्या अंगात बळ भरलेलं असतं आणि तो समोर येईल त्याला तोडत सुटतो. ट्रोजनांकडचा इनिअस समोर येतो, डायोमिडीस मोठा धोंडा उचलून त्याच्या खुब्यावर मारतो, इनिअस गुडघ्यावर कोसळतो. त्याची आई अ‍ॅफ्रोडायटी धावत येऊन मुलाला झाकते तर हा पठ्ठ्या तिच्याही मागे लागतो आणि तिच्या हातावर भाला मारतो, आणि जखमेतून जे वाहतं ते रक्त नाही, देवांच्या अंगात रक्त नसतं, त्याला इकॉर म्हणतात. आय-सी-एच-ओ-आर. 'देवांचं रक्त' या क्ल्यूचं उत्तर आयुष्यभरासाठी इथे मिळालं. मग आयरिस तिला हात धरून बाहेर काढते, ती एरीसकडे त्याचा रथ मागते, वर ऑलिंपसवर जाऊन आईच्या म्हणजे डायओनीच्या मांडीवर पडते, डी-आय-ओ-एन-ई, पाच अक्षरांत तीन स्वर, शनीच्या एका चंद्राचं नावही हेच. आई समजूत घालते की बाई गं, माणसांनी देवांना छळलंय हे काही नवीन नाही, ओटस आणि एफिअल्टीझ या दोघा भावांनी एरीसला तेरा महिने ब्राँझच्या रांजणात कोंडून ठेवलं होतं. इकडे इनिअसला अपोलो उचलून नेतो आणि लीटो आणि आर्टेमिस त्याला बरं करतात, लीटो म्हणजे एल-ई-टी-ओ, हाही ग्रिडमध्ये नेहमीचा.

पुढे तर आणखी मजा. हेरा स्टेंटॉरचं रूप घेऊन ग्रीकांना ओरडते, ज्याचा आवाज पन्नास माणसांएवढा, त्यावरूनच इंग्रजीत मोठ्या आवाजाला स्टेंटॉरियन म्हणतात. अथीना एजिस म्हणजे झ्यूसचं कवच चढवते, ए-ई-जी-आय-एस, डोक्यावर हेडीसची अदृश्य करणारी टोपी घालते आणि स्वतः डायोमिडीसच्या रथात चढून बसते, आणि त्याच्या भाल्याला जोर देऊन तो थेट एरीसच्या पोटात खुपसते. एरीस नऊ-दहा हजार माणसं एकदम ओरडावीत तसा ओरडतो, दोन्ही सैन्यं थरथरतात. वर जाऊन बापाला जखम दाखवतो तर झ्यूस म्हणतो रडगाणं गाऊ नकोस, ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत मला तुझाच सगळ्यात जास्त तिटकारा आहे. तरी त्याला बरं करवतो, आणि हीबी त्याला आंघोळ घालते. एच-ई-बी-ई. एकाच सर्गात एरीस, हेरा, हीबी, लीटो, आयरिस, डायओनी, ओटस, इकॉर, एजिस, स्टेंटॉर, इनिअस. आणि प्रत्येकाबरोबर एक प्रसंग. ही यादी तुम्हाला पाठ करायची गरज पडणार नाही कारण तो रांजण आणि ती किंकाळी विसरता येतच नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लोकांना ट्रॉयबद्दल जे सगळ्यात आधी माहीत असतं ते इलियडमध्ये नाहीच. इलियड संपतं हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर. लाकडी घोडा होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत सांगितलाय आणि सविस्तर तर रोमन कवी व्हर्जिलकडे, त्याच्या इनिइडच्या दुसऱ्या सर्गात, तिथेच घोडा आत घेऊ नका म्हणणारा लेऑकोअन येतो आणि खोटं बोलून घोडा आत घ्यायला लावणारा सायनॉन येतो. अकिलीसची टाच तर होमरमध्ये कुठेच नाही, स्टिक्स नदीत बुडवण्याची गोष्ट फार नंतरच्या रोमन काव्यातून आली. सोन्याचं सफरचंद, ते पेलिअस आणि थेटिसच्या लग्नात फेकणारी एरिस, तीन देवींचा पॅरिसने केलेला निवाडा, हेही इलियडच्या आधीचं आणि बाहेरचं. क्ल्यूमध्ये 'इन द इलियड' असं स्पष्ट म्हटलं असेल तर हा फरक उत्तर ठरवतो. आणि कित्येकदा उत्तर नावाचं नसतंच, 'अकिलीसचा वीक स्पॉट' म्हणजे साधं हील, 'एरिसने फेकलेलं' म्हणजे अ‍ॅपल, 'लीडाकडे झ्यूस ज्या रूपात आला ते' म्हणजे स्वान, हंस.

एरिसचं इथेच सांगून टाकतो कारण एरीस आणि एरिस यांत गोंधळ होतो. एरीस तो युद्धदेव, ए-आर-ई-एस, आणि एरिस ती कलहाची देवी, ई-आर-आय-एस. होमर तिला एरीसची बहीण आणि सोबतीण म्हणतो, सुरुवातीला अगदी लहानशी असते आणि मग डोकं आभाळाला टेकतं. भांडण कसं वाढतं ते याहून नेमकं कुणी सांगितलंय असं मला वाटत नाही. २००५मध्ये प्लूटोच्या पलीकडे एक मोठा गोळा सापडल्याचं जाहीर झालं, त्यावरून खगोलशास्त्रज्ञांत ग्रह कशाला म्हणायचं यावर जोरदार वाद झाला, २००६च्या ऑगस्टमध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं आणि सप्टेंबरमध्ये त्या गोळ्याला एरिस हे नाव मिळालं. नाव देणाऱ्यांनी कथा वाचली होती हे उघड आहे. तेव्हापासून या चार अक्षरांचा क्ल्यू 'ड्वार्फ प्लॅनेट' असाही येतो.

बाकी छोट्यांचं पटकन. लीडा ही हेलनची आई. आयडा हा ट्रॉयजवळचा पर्वत, पॅरिस तिथे गुराखी होता, झ्यूस तिथे बसून लढाई बघतो, क्रीटमध्येही एक आयडा आहे. इऑस पहाटेची देवी, तिचा मुलगा मेम्नॉन अकिलीसच्या हातून मेला आणि तिचा नवरा टिथोनस हा प्रायमचा भाऊ. इनोनी ही पॅरिसची पहिली बायको, हेलनसाठी सोडलेली, स्पेलिंग ओ-ई-एन-ओ-एन-ई, ते एकदा लिहून बघा कारण उच्चारावरून येत नाही. अकिलीसमध्येही सी-एच आणि दोन एल आहेत.

एजॅक्सवर मात्र थांबायला हवं. एजॅक्स दोन आहेत. मोठा टेलमॉनचा, सॅलमिसचा, सात बैलांची कातडी लावलेली ढाल घेऊन भिंतीसारखा उभा राहणारा. सातव्या सर्गात त्याचं आणि हेक्टरचं द्वंद्व होतं, अंधार पडतो म्हणून थांबवतात, आणि दोघं एकमेकांना भेटी देतात, हेक्टर तलवार देतो आणि एजॅक्स कमरपट्टा. पुढे अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं कुणाला यावर ओडिसिअस जिंकतो, एजॅक्सचं डोकं फिरतं, तो गुरं-मेंढरं शत्रू समजून कापतो आणि शुद्धीवर आल्यावर लाजेने हेक्टरनेच दिलेल्या तलवारीवर पडून जीव देतो. धाकटा एजॅक्स ओइलिअसचा, त्याने प्रायमच्या मुलीला, कसँड्राला, अथीनाच्या देवळातून ओढून काढलं. 'टेलमॉनचा मुलगा', 'ओडिसिअसचा प्रतिस्पर्धी', 'हेक्टरशी द्वंद्व' असं काहीही आलं तरी उत्तर ए-जे-ए-एक्स, आणि जे आणि एक्स दोन्ही एका छोट्या शब्दात मिळत असल्याने सेटर त्याच्यावर खूश असतो. अ‍ॅम्स्टरडॅमचा फुटबॉल क्लब आणि भांडी घासायची पावडर, हेही त्याचेच क्ल्यू.

आता ब्रिटिश पद्धतीची क्रिप्टिक कोडी, म्हणजे ज्यात क्ल्यू सरळ अर्थाचा नसतो, एका टोकाला उत्तराचा अर्थ आणि उरलेल्यात शब्दांचा खेळ दडवलेला असतो. तिथे कारण वेगळं आहे. त्यांच्या ग्रिडमध्ये एकाआड एक अक्षर मोकळं असतं त्यामुळे स्वरांची तशी तहान नसते, पण तिथले जुने सेटर आणि त्यांचे वाचक शाळेत लॅटिन-ग्रीक शिकलेले. क्रिप्टिक क्ल्यूचे नियम ज्याने घालून दिले तो झिमेनीस, खरं नाव मॅकनट, तो स्वतः शाळेत क्लासिक्सचा शिक्षक होता. त्यामुळे ट्रॉय त्यांच्याकडे घरचंच. भारतात द हिंदूसारख्या पेपरांतून आपण जी क्रिप्टिक सोडवतो ती याच परंपरेतली.

क्रिप्टिकमध्ये नावाचे तुकडे बघायला शिका, शेवटी कंसातला आकडा म्हणजे उत्तरात किती अक्षरं ते. ट्रॉयची राणी हेक्युबा, एच-ई आणि पुढे सी-यू-बी-ए, म्हणजे 'ही' आणि 'क्युबा'. मग क्ल्यू बनतो 'दॅट मॅन इन फ्रंट ऑफ कॅस्ट्रोज कंट्री, ट्रोजन क्वीन (६)'. तिचा नवरा प्रायम म्हणजे 'प्रिम'च्या पोटात ए, 'प्रॉपर टू हार्बर अ किंग (५)'. प्रॉपर म्हणजे प्रिम, त्याने 'अ'ला आसरा दिला, राजा मिळाला. नेस्टर हा टेनर्सचा अ‍ॅनाग्राम म्हणजे तीच अक्षरं उलटसुलट करून झालेला शब्द, 'टेनर्स आउट ऑफ ट्यून, वाइज ओल्ड किंग (६)'. ओडिसिअसचा मित्र मेंटॉर म्हणजे मेन अधिक टॉर, टॉर म्हणजे खडकाळ टेकडी, आणि स्टेंटॉर म्हणजे स्टेन बंदूक अधिक तीच टेकडी, ब्रिटिश सेटरला ही टेकडी फार प्रिय. माझी सगळ्यात आवडती कसँड्रा. सी, मग ए-एस-एस, मग ए-एन-डी, मग आर-ए. सी म्हणजे सर्का म्हणून 'अबाउट', गाढव म्हणून 'फूल', 'अँड' तसंच्या तसं, आणि रॉयल अकॅडमीचा चित्रकार म्हणून 'आर्टिस्ट'. 'अबाउट फूल अँड आर्टिस्ट, नोबडी बिलीव्हड हर (९)'. तिला भविष्य कळायचं पण अपोलोच्या शापामुळे कुणाचा विश्वास बसायचा नाही, ही कथा माहीत असेल तर क्ल्यूचा शेवटचा भाग वाचताच उत्तर येतं आणि तुकडे नंतर जुळतात. क्रिप्टिकमध्ये कथेचा फायदा हाच, उलट्या बाजूने आत शिरता येतं.

फसवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. पॅरिस म्हणजे राजपुत्र का राजधानी. ट्रॉय म्हणजे शहर का सोन्या-चांदीचं वजन, ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. इलियम म्हणजे ट्रॉय का कमरेचं हाड. ट्रोजन म्हणजे योद्धा का कॉम्प्युटरमधला मालवेअर. नेस्टर म्हणजे पायलॉसचा म्हातारा राजा का न्यूझीलंडच्या किआ पोपटाची जात. होमर दिसला की आधी तो कवी आहे का टीव्हीवरचा सिम्पसन आहे का बेसबॉलचा होम रन आहे ते ठरवा, अमेरिकन कोड्यात तिन्ही येतात. आणि हेक्टर हे इंग्रजीत क्रियापदही आहे, दमदाटी करणे, कारण सतराव्या शतकात लंडनमधली दांडगट टोळकी हे नाव लावायची. 'बुली ट्रोजन प्रिन्स (६)' असा क्ल्यू तयारच होतो. मला मात्र तो लिहिताना दर वेळी वाईट वाटतं, कारण सहाव्या सर्गात हाच हेक्टर लढाईतून घटकाभर घरी येतो, बाळाला घ्यायला हात पुढे करतो आणि बाळ त्याच्या शिरस्त्राणावरचा हलता तुरा बघून दाईच्या कुशीत रडत शिरतं, तर तो हसतो, शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलून पापा घेतो. दमदाटी करणारा माणूस नव्हता तो.

ग्रीक-रोमन जोड्या पाठ असाव्यातच, त्याला इलाज नाही. एरीस-मार्स, हेरा-जुनो, अथीना-मिनर्व्हा, इऑस-ऑरोरा, ओडिसिअस-युलिसीस. क्ल्यूमध्ये 'टू होमर' किंवा 'ग्रीक' असेल तर पहिलं रूप, 'टू व्हर्जिल' किंवा 'रोमन' असेल तर दुसरं. इतर युद्धकथा, म्हणजे थीब्सवर चालून गेलेले सात जण, टायटन आणि देवांचं युद्ध, अ‍ॅमेझॉन बायका, यातून ग्रिडमध्ये फार येत नाही. रिआ, अ‍ॅटलास एवढे आले तर आले. थीब्सच्या सातांपैकी एक टिडिअस म्हणजे आपल्या डायोमिडीसचा बाप, एवढं धरून ठेवा.

आता तुमच्या कॉलेजच्या कोड्याबद्दल. पहिल्या प्रयत्नाला अमेरिकन ग्रिड घेऊ नका, सगळी अक्षरं दोन्हीकडून जुळवण्यात महिना जाईल. ब्रिटिश जाळीचं १५ बाय १५ घ्या. ग्रिड १८० अंशात फिरवलं तरी तसंच दिसलं पाहिजे हा नियम मात्र पाळा, म्हणजे थीमचे शब्द सारख्या लांबीच्या जोड्यांनी लागतात. नशिबाने ट्रॉयमध्ये जोड्या भरपूर. अकिलीस, ओडिसिअस, मेनिलेअस, डायोमिडीस, सगळे आठ अक्षरी. पॅरिस आणि हेलन दोघं पाच. अ‍ॅगमेम्नॉन आणि कसँड्रा दोघं नऊ, आणि त्यांची जोडी तर कथेतही आहे, तो तिला कैदी म्हणून घरी नेतो आणि त्याची बायको क्लायटेम्नेस्ट्रा दोघांनाही मारते, त्यांना समोरासमोर बसवलं तर जाणकार वाचक खूश होईल.

पण कॉलेजच्या मुलांसाठी मी नावं सरळ टाकणार नाही, कारण ज्याने कथा वाचलेली नाही तो पहिल्या ओळीतच सोडून देईल. नावं लपवा. इंग्रजीतल्या रोजच्या शब्दांच्या पोटात ही मंडळी बसलेली आहेत. डिस्ट्रॉयच्या शेवटी टी-आर-ओ-वाय आहे. थेरपीत, टीच्या मागे, एच-ई-आर-ए आहे. कम्पॅरिझनच्या मध्यात पी-ए-आर-आय-एस आहे. नाइटमेअर्सच्या शेवटी ए-आर-ई-एस आहे. चेरिश आणि पेरिशमध्ये एरिस आहे, टॉर्मेंटॉरमध्ये मेंटॉर आहे. डिस्ट्रॉय आणि थेरपी दोन्ही सात अक्षरी, कम्पॅरिझन आणि नाइटमेअर्स दोन्ही दहा अक्षरी, आणि 'वूडन हॉर्स' जोडून लिहिलं तर अकरा, विषम, म्हणून ते बरोबर मधल्या आठव्या ओळीत बसतं. दहाची जोडी चौथ्या आणि बाराव्या ओळीत, सातची जोडी सहाव्या आणि दहाव्या ओळीत. थीमची एकूण ४५ अक्षरं झाली, १५च्या ग्रिडला ती पुरेशी आहेत. जोड्याही अर्थाने जमतात, ट्रॉय आणि ते जाळायला टपलेली हेरा समोरासमोर, आणि पॅरिस आणि एरीस हे दोघं ट्रोजन बाजूचे समोरासमोर.

लपवलेल्या चारही शब्दांचे क्ल्यू अगदी साधे, रोजच्या अर्थाचे द्या, त्यात ग्रीसचा उल्लेखही नको. 'वूडन हॉर्स'च्या क्ल्यूमध्येच फक्त सांगा की ट्रॉयच्या दारात हा उभा होता, आणि त्याच्यासारखंच आणखी चार आडव्या उत्तरांच्या पोटात कोण लपलंय ते शोधा. मग कथा न वाचलेला मुलगाही ग्रिड पूर्ण भरू शकतो, आणि वाचलेल्याला आणखी एक खेळ मिळतो. उभ्या शब्दांत एक-दोन खरी नावं टाका, एजॅक्स टाका, लीडा टाका, पण दोन अनोळखी नावं एकमेकांना कापतील असं कधीही करू नका, कारण तिथे सोडवणाऱ्याला अंदाज करण्याशिवाय काही उरत नाही आणि ते अन्यायाचं आहे. इनोनीला कापणारा शब्द 'ओपन' असावा, कुठल्या तरी नदीचं नाव नसावं.

छापायला द्यायच्या आधी दोघांना सोडवायला द्या, एक ज्याने इलियड वाचलंय आणि एक ज्याने अजिबात नाही. दुसरा जिथे अडकेल तिथे क्ल्यू सोपा करत बसू नका, तो कोपरा पुसा आणि कापणारा शब्दच बदला.